शून्य गुणांची प्रश्नावली

सोलमध्ये पीटीएसडीची, म्हणजे भयानक अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची, कोरियन भाषेतली चाळणी-प्रश्नावली तपासण्याचं काम चालू होतं. प्रश्नावल्यांचे गुण आणि मुलाखतींतली निदानं एकमेकांशी जोडायचा तो दिवस. तोवर दोन्ही याद्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या. मुलाखत घेणाऱ्याला गुण आधीच कळले तर त्याचं निदान नकळत त्यांच्याकडे झुकतं, आणि प्रश्नावली आहे त्याहून चांगली दिसू लागते.

प्रश्नावली होती पीसी-पीटीएसडी-५. आधी एक प्रवेशप्रश्न: गंभीर अपघात, आग, हल्ला, पूर, युद्ध, जवळच्या माणसाची हत्या किंवा आत्महत्या असं काही विलक्षण भयानक तुमच्या वाट्याला आलंय का? ‘नाही’ म्हटलं की तिथेच थांबायचं, गुण शून्य. ‘हो’ असेल तर गेल्या महिन्याबद्दल हो-नाही स्वरूपाचे ५ प्रश्न. पडताळणीसाठी सीएपीएस-५ ही मुलाखत. तिच्यात २० लक्षणांची तीव्रता ० ते ४ अशी मोजतात आणि २ किंवा जास्त असेल तरच लक्षण धरतात. एका माणसाला पाऊण ते एक तास लागतो.

याद्या जोडल्या आणि एका ओळीवर सगळे थबकलो. प्रश्नावलीत शून्य, मुलाखतीत पीटीएसडी. ती व्यक्ती अग्निशमन दलातली होती. मूळ कागद काढला, तर प्रवेशप्रश्नालाच ‘नाही’वर खूण. पुढचे पाचही प्रश्न कोरे.

मुलाखतीआधी मात्र १७ प्रकारच्या घटनांची यादी एकेक करून विचारली जाते, आणि तिच्यात ‘माझ्या कामाचा भाग’ असा वेगळा रकाना असतो. त्या रकान्यात खुणा होत्या. जळत्या इमारतीतून माणसं बाहेर काढणं हेच ज्याचं काम, तो त्याला विलक्षण म्हणत नाही. बाह्यरुग्ण विभागात केलेल्या पूर्वचाचणीत हे दिसणं अवघड, कारण तिथे आलेल्यांना आपल्यावर काय गुदरलं ते बहुधा ठाऊक असतं.

बैठकीत सूचना आली की असे कागद अपूर्ण समजून वगळावेत. माझा ठाम विरोध होता. समजा मुलाखतीनुसार ५० रुग्ण आहेत आणि प्रश्नावलीने ४३ पकडले. संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी पकडलेल्यांचं प्रमाण, ८६ टक्के. प्रवेशप्रश्नावर अडलेले तिघे वगळले की ती ९१ टक्क्यांवर जाते. प्रश्नावली तीच, फक्त आकडा देखणा झाला. प्रत्यक्ष दवाखान्यात त्या तिघांना ‘सगळं ठीक’ सांगून घरी पाठवलं जाईल, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

ते कागद मुख्य विश्लेषणातच राहिले. चुकून सुटलेल्यांपैकी किती जण प्रवेशप्रश्नावर अडले आणि किती जण पाच प्रश्नांवर, हे वेगळं मोजायचं ठरलं. पहिल्या प्रकारावर कटऑफ, म्हणजे पीटीएसडीची शक्यता धरायला लागणारे किमान गुण, ३ वरून २ करूनही उपाय नाही, शून्य शून्यच राहतं. प्रश्नाची शब्दरचना मध्येच बदलणंही नाकारलं, कारण मग एका नमुन्यात दोन प्रश्नावल्या मिसळतात. बदल हवा तर नवा नमुना घ्यावा लागतो.

अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिकेचे कर्मचारी यांच्यासाठी माझा आग्रह आजही हाच: आधी कामाच्या रकान्यासह घटनांची यादी द्या, आणि मग उत्तर काहीही असो, लक्षणांचे प्रश्न सगळ्यांना विचारा.