तुम्ही विचारलंत म्हणून: बॉयलरला कुणाला बोलवायचं?

‘ताई, तुमच्याकडे बॉयलरला कोण येतं? नंबर पाठवा ना, अर्जंट आहे.’ इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये थंडीचा पहिला कडाका पडला आणि घर व पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर बंद पडला की मला असे मेसेज सुरू होतात. कुणाचं बाळ लहान असतं, कुणाचे आईबाबा नुकतेच पुण्याहून आलेले असतात आणि घरातच कानटोपी घालून बसलेले असतात. नंबर मी पाठवतेच, पण त्याचा फारसा उपयोग होणार नाही हे पाठवतानाच माहीत असतं. आमच्या बॉयलरवाल्याकडे दोन व्हॅन आहेत, एक त्याची आणि एक मुलाची. फोन त्याची बायको घेते. जानेवारीत तिचा पहिला प्रश्न असतो, तुम्ही आमचे नेहमीचे का? नाही म्हटलं की ती गोड आवाजात पुढच्या आठवड्यातली तारीख देते. तोवर तुम्ही, बाळ आणि आईबाबा एका इलेक्ट्रिक हीटरभोवती.

तेव्हा माझं ऐकाल तर बॉयलरवाला मे महिन्यात शोधा, बॉयलर धडधाकट असताना. त्याला पहिलं काम द्या ते साध्या वार्षिक सर्व्हिसचं. साधारण शंभर पौंडांच्या आतबाहेर खर्च येतो. लोकांना वाटतं हे पैसे बॉयलरसाठी. थोडे बॉयलरसाठी असतातच, पण मुख्यतः ते त्या बाईंच्या वहीत आपलं नाव यावं म्हणून असतात. थंडीत शंभर जण फोन करतात, तेव्हा वहीतली माणसं आधी, बाकीची नंतर. मला यात काही गैर वाटत नाही.

आपली सवय वेगळी. पुण्यात सोसायटीच्या वॉचमनला प्लंबरचा नंबर तोंडपाठ असतो. तो टेफ्लॉन टेप आणि एम-सील घेऊन तासाभरात हजर होतो, थोडी घासाघीस होते, काम संपतं. गिझर बिघडला तरी गॅसवर पातेलं ठेवून आंघोळी उरकतात. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटात लटकलेल्या एका पेटीवर, म्हणजे कॉम्बी बॉयलरवर, सगळं घर चालतं. रेडिएटर त्याचेच आणि नळाचं गरम पाणीही त्याचंच. टाकी नाही, साठा नाही. तो थांबला की दोन्ही एकदम जातं.

भाड्याने राहत असाल तर मात्र हा डोक्याला ताप तुमचा नव्हे. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती कायद्याने घरमालकाच्या गळ्यात आहे. दर वर्षी गॅसची तपासणी करून त्याचा कागद भाडेकरूला देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. एजंटला ईमेल करा, नुसत्या फोनवर भागवू नका. आपली माणसं उगाच संकोचतात, ‘कशाला मालकाला त्रास’ म्हणून स्वतःच्या खिशातून प्लंबर आणतात. तसं करू नका.

आता स्वतःचं घर असलेल्यांसाठी. या देशात प्लंबर म्हणवून घ्यायला कायद्याने कसलाही परवाना लागत नाही. उद्या मी व्हॅनवर नळाचं चित्र काढून फिरले तरी मला कुणी अडवणार नाही. गॅसचं तसं नाही. बॉयलरमधल्या गॅसच्या कामाला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टर या अधिकृत यादीत नाव असावंच लागतं. (एप्रिल २००९ पर्यंत हीच नोंदणी ‘कॉर्गी’ म्हणून ओळखली जायची, आमच्या गल्लीतली म्हातारी मंडळी अजून कॉर्गीच म्हणतात.) प्रत्येकाकडे फोटोचं कार्ड असतं. बहुतेक जण कार्डाची पुढची बाजू बघून मान डोलावतात. पाहायची ती मागची बाजू. कुठल्या प्रकारचं गॅसचं काम हा माणूस करू शकतो, ते तिथे लिहिलेलं असतं. गॅसच्या शेगड्या जोडणाऱ्याला बॉयलर उघडता येईलच असं नाही. कार्डावरचा नंबर रजिस्टरच्या वेबसाइटवर टाकून बघायला मिनिटभर लागतं. कार्ड मागायला लाज वाटते, असं मला खूप जणी सांगतात. आमचा माणूस दारात पाय पुसता पुसताच कार्ड पुढे करतो.

नाव शोधायचं कुठे? आपल्या मराठी ग्रुपवर नंतर विचारा, आधी दोन दारं पलीकडच्या शेजाऱ्याला विचारा. आपला ग्रुप स्लाउपासून वोकिंगहॅमपर्यंत पसरलेला, आणि असा दोन व्हॅनचा माणूस काही मैलांच्या बाहेर जात नाही. शिवाय एका ओळीतली घरं बहुधा एकाच बिल्डरने एकाच सुमाराला बांधलेली असतात, त्यामुळे पाइप सारखे, रेडिएटरच्या जागा सारख्या, दुखणीही सारखी. ज्याने शेजाऱ्याच्या जमिनीखालचा पाइप शोधलाय त्याला तुमचाही सापडतो.

इंटरनेटवर शोधलंत तर वरची काही नावं जाहिरातीची असतात, हे लक्षात ठेवा. ‘तुमच्या भागातले’ असं लिहिलेलं असतं आणि फोन लागतो तो भलत्याच गावातल्या कॉल सेंटरला. त्यांना दोन गोष्टी विचारा. येणारा माणूस तुमच्याकडे नोकरीला आहे का? आणि येण्याच्या फीमध्ये पहिला तास धरलाय की नुसतं दारापर्यंत येण्याचेच पैसे? माझ्या एका मैत्रिणीने रात्री असाच नंबर फिरवला. आलेल्या माणसाने झाकणसुद्धा उघडलं नाही, ‘पार्ट मागवावा लागेल’ म्हणाला आणि बिल हातात ठेवून गेला.

आता जरा सविस्तर, कारण खरी पारख इथे होते. आमचा जुना बॉयलर बदलायची वेळ आली तेव्हा कोटेशनं मागवली. एका मोठ्या कंपनीने घरी न येता, मी पाठवलेल्या फोटोवरून, ३५ किलोवॅटचा बॉयलर सुचवला. आमचा बॉयलरवाला आला आणि त्याने आधी बॉयलरकडे पाहिलंच नाही. स्वयंपाकघरातल्या नळाखाली एक उभट प्लास्टिकचा मग धरला. मगाच्या एका अंगाला उभी चीर आणि तिच्या कडेने लिटरचे आकडे. नळ पूर्ण सोडला की पाणी चिरेतून सांडत एका आकड्यापाशी स्थिरावतं, तो तुमचा मिनिटाचा पुरवठा. आमच्याकडे १२ च्या जरा खाली. मग तो वर गेला, बाथरूम एकच ना हे विचारून घेतलं, प्रत्येक रेडिएटरची लांबी-उंची मोजली आणि मीटरपासून बॉयलरपर्यंत येणारा गॅसचा पाइप बोट लावून चाचपत आला.

हिशेब साधा आहे. पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर २४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला १० लिटरच्या आसपास देतो, ३० चा १२ लिटरच्या. रस्त्याच्या पाइपातूनच १२ येत नसेल तर ३५ चा बॉयलर जादा पाणी आणणार कुठून? आणि रेडिएटरचं म्हणाल तर आमच्यासारख्या ओळीतल्या छोट्या घराला ऐन थंडीतही १० किलोवॅटच्या आतच भागतं. गरजेपेक्षा मोठं यंत्र सारखं पेटतं-विझतं, गॅस जातो आणि सुटे भाग झिजतात. फोटोवरून कोटेशन देणारे सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. पण ज्याने माझ्या घरातलं काहीच मोजलं नाही, त्याला मी एवढे पैसे का द्यावे?

पारखायला आणखी एक प्रश्न मी लोकांना शिकवते. ‘फ्लो टेम्परेचर किती ठेवणार?’ म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणारं पाणी किती तापलेलं असेल. २००५ पासून इथे बसवलेले जवळपास सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचे आहेत. रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं तरच धुरातली वाफ नीट द्रवते आणि तिच्यातली उष्णता घरात येते. ७५-८० वर ठेवलं की ती उष्णता भिंतीबाहेरच्या धुराड्यातून ढग होऊन निघून जाते. ‘सगळे तिथेच ठेवतात’ असं उत्तर देणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. आमच्या माणसाने ६० ने सुरुवात केली आणि खोल्या गार वाटल्या तर वाढवा, कसं वाढवायचं ते इथे, असं म्हणून बटण दाखवलं.

सर्व्हिसला तो काय करतो ते उभं राहून बघा, त्यालाही त्याचं काही वाटत नाही. धुराड्याच्या भोकात नळी घालून यंत्राने धूर तपासतो, त्याची बारीक पावती छापून निघते. एक्सपान्शन व्हेसलची, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या डब्याची, हवा बघतो. पाण्याच्या पाइपावर चुंबकाचा फिल्टर असतो, तो उघडला की लोहचुंबकाला चिकटलेला काळाकुट्ट गाळ ट्रेमध्ये ओघळतो. हा गाळ म्हणजे आपल्याच रेडिएटरचं झिजलेलं लोखंड. रेडिएटर वर गरम आणि खाली थंड लागत असेल तर आत हाच बसलाय असं समजा. उलट वर थंड आणि खाली गरम असेल तर हवा अडकलीय, ती काढायची छोटी चावी दुकानात मिळते, त्यासाठी कुणाला बोलवू नका. बॉयलरची वॉरंटीही बहुधा दर वर्षी सर्व्हिस झाली तरच टिकते, म्हणून पुस्तिकेत नोंद करून घ्या.

फोन करण्याआधी बॉयलरच्या तोंडावरचा प्रेशरचा काटा बघून ठेवा, कारण बॉयलरवाल्याची बायको हेच विचारते. थंड असताना १ ते १.५ बार हवा. खाली गेला असेल तर बहुतेक बॉयलरच्या बुडाशी चंदेरी जाळीची नळी असते, तिने पाणी भरता येतं, पुस्तिकेत चित्र असतं. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर मात्र कुठेतरी गळतंय किंवा व्हेसल गेलंय, मग बोलवाच. कडाक्याच्या थंडीत सकाळी बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला तर बाहेरच्या भिंतीवरचा बारीक प्लास्टिकचा पाइप गोठलाय का बघा. धुरातली वाफ द्रवून झालेलं पाणी त्यातून बाहेर जातं. पाइप हाताशी असेल तर कोमट पाणी ओता, उकळतं नको. आमच्याकडे बॉयलरवाल्याने तो पाइप जाड करून वर फोमचं आवरण चढवलंय. पाणी गळत असेल तर आधी स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ, बंद करायचा, बहुधा सिंकखाली असतो. आणि गॅसचा वास आला तर बॉयलरवाल्याला नव्हे, ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा, फुकट आहे, चोवीस तास.

मोठ्या कंपन्यांच्या महिन्याच्या हप्त्याच्या दुरुस्ती-कव्हरबद्दलही विचारता. सारखे परदेशी असणाऱ्यांना ते बरं पडतं. बाकीच्यांनी बारीक अक्षरं वाचावीत. तो काळा गाळ काढण्याचं काम त्यात बहुधा धरलेलं नसतं.

पैशांचं म्हणाल तर कोटेशनं शेजारी ठेवताना व्हॅट धरलाय का ते बघा. वर्षाला ९०,००० पौंडांच्या आत उलाढाल असलेल्याला व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्याच्या आकड्यात २० टक्के व्हॅट नसल्याने तो कमी दिसू शकतो, आणि त्यात काळंबेरं काही नसतं. आगाऊ रक्कम मागितली तर क्रेडिट कार्डाने द्या. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत किमतीच्या कामात काही बिनसलं तर कार्ड देणारी बँकही जबाबदार ठरते. कॅश दिली तर स्वस्त, असं कुणी म्हणालं तर पावती देणार का ते विचारा, चेहऱ्यावरून उत्तर कळतं. नवा बॉयलर बसवला की त्याची नोंद ३० दिवसांत व्हावी लागते आणि मग बिल्डिंग रेग्युलेशनचा, म्हणजे काम नियमांप्रमाणे झाल्याचा, दाखला मिळतो. तो घराच्या कागदांबरोबर ठेवा, घर विकताना वकील नेमका तोच मागतो.

हीट पंपाचं, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्राचं, विचारणारे अलीकडे वाढलेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याला सध्या ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे. अर्ज आपण करायचा नसतो, बसवणारा करतो, आणि त्याच्याकडे एमसीएसचं, म्हणजे असली यंत्रं बसवणाऱ्यांसाठीच्या योजनेचं, प्रमाणपत्र असावं लागतं. आमच्या बॉयलरवाल्याला मी विचारलं होतं. तो म्हणाला, मी ते काम करत नाही, शिकायचं माझं वयही नाही, मुलगा कोर्सला जाणार आहे. आणि तोवर म्हणून एका दुसऱ्या कंपनीचं नाव लिहून दिलं.