कितीला पडलं?

आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी छोटी रेल्वे मांडलीय. तिथं जो पहिल्यांदा येतो, तो आधी गाडी बघतो, मग रूळ कुठं कुठं गेलेत ते बघतो, वाकून पुलाच्या कमानीतून डोकावतो, आणि सरळ उभा राहिला की विचारतो, "कितीला पडलं हो हे सगळं?" गॅसची टाकी घेऊन आलेल्या पोरानं हेच विचारलं, व्याह्यांनी हेच विचारलं, आता तुम्हीही विचारलंत. राग नाही. परभणीत प्लॉट असो, बैलजोडी असो की जावयाची गाडी, किंमत विचारल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही. पण दर वेळी मी "असंच, हळूहळू जमवलं" म्हणून चहा सांगतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट हिशोब मांडतो. लागतो का ते बघू.

आधी विकतचं. आमचा पसारा एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. या मापाची इंजिनं आणि रूळ बनवतात ते बहुतेक परदेशी कारखाने, आणि बनवतात त्यांच्या गाड्या. आपल्याकडची गाडी हवी असेल तर त्यांचं इंजिन घ्यायचं आणि वरचं कवच आपण करायचं. बऱ्यापैकी इंजिनाला पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवावी लागते, आवाजाची चिप हवी असेल तर आणखी. माझं पहिलं इंजिन आतेभावानं जर्मनीहून स्वेटरात गुंडाळून आणलं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण एवढी शब्दशः दुसऱ्या कुठल्या वस्तूला लागू पडली नसेल. इंजिनं, रूळ, रूळ बदलायचे सांधे, कंट्रोलर हे सगळं धरून साठ हजारांच्या आसपास जातं. पावत्या आहेत, दाखवतो.

इथपर्यंत हिशोब सरळ आहे. आता खालची फळी बघा.

ती सेलूच्या मिस्त्रींनी केली. आले होते आमच्या ओट्याखालची कपाटं बसवायला. गच्चीवर पाणी प्यायला चढले आणि माझं टेबल बघून म्हणाले, "मालक, हे काय करायलात? हे प्लाय पावसाळ्यात पापड होईल." आणि झालंच होतं. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो, म्हणून मी कूलर लावायचो. कूलरच्या ओल्या हवेनं प्लाय फुगायचं, रूळ मध्येच उचलले जायचे, इंजिन घसरायचं. कूलर बंद ठेवला तर रूळ तापून वाढायचे आणि वेडेवाकडे व्हायचे. मिस्त्रींनी पाण्याला टिकणारं प्लाय आणायला लावलं, खाली चौकट घातली, प्रत्येक कडेला वॉर्निश पाजलं. वर गंगाखेडच्या गोदावरीवरचा पूल सागाच्या तुकड्यांतून करून दिला. खराखुरा तसाच आहे असं नाही, पण बघणारे परभणी-परळी लाइनचे असले की लगेच ओळखतात. मजुरी किती म्हणून विचारलं तर कपाटांची घेतली, याची नाही. वर म्हणाले, "पोरगं सुट्टीत येईल, त्याला गाडी चालवू द्या." पोरगं आता पॉलिटेक्निकला आहे आणि अजून येतं. हे किती रुपये लिहू?

पूर्णेचे गार्डसाहेब भेटले ते दुकानात. माझं मेडिकल आहे, रूळ पुसायचं स्पिरिट मी तिथूनच नेतो. (रुळातून बारा व्होल्ट जातात, चाकातून इंजिनाला पोचतात, आपल्याकडची धूळ बसली की गाडी अडखळते, म्हणून चालवण्याआधी पुसावंच लागतं.) रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेले हे रिटायर्ड गार्ड, माझ्या मोबाइलवर गाडीचा फोटो बघून एकच वाक्य बोलले: "मीटरगेज म्हणावं तर रुंद, ब्रॉडगेज म्हणावं तर अरुंद. ही गाडी कुठली म्हणायची?"

त्यांचं चूक नव्हतं. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलं तर १९ च्या थोडं वर येतं. बाजारातला एचओ रूळ १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेला. पुण्याची मेट्रो त्या गेजवर धावते, आपली देवगिरी नाही. उभ्या हयातीत नजरेनं रूळ तोललेल्या माणसाला अडीच-तीन मिलिमीटरचा फरक फोटोतसुद्धा कळला. मी म्हटलं, स्वतः रूळ ओढायचे तर आयुष्य जाईल. ते म्हणाले, "मग निदान चालवा तरी बरोबर."

तेव्हापासून रविवारी आम्ही सगळे जमलो की आमच्याकडं गाडी नुसती फिरत नाही. दोन स्टेशनं आहेत, मध्ये एकेरी लाइन आहे, आणि गाडी सोडायची तर हातात गोळा पाहिजे. जुन्या लाइनवर ड्रायव्हरला स्टेशनमास्तरकडून लोखंडी गोळा मिळायचा. तो यंत्रातून एका वेळी एकच निघायचा, म्हणून समोरून दुसरी गाडी येणं शक्य नसायचं. आमचा गोळा म्हणजे काचेची गोटी. ती ज्याच्या हातात, त्याचीच गाडी. शेवटच्या डब्याला 'एलव्ही' ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल' ची, पाटी लागते, कारण ती दिसली नाही तर गाडीचा काही भाग मागं सुटला असं धरून चालायचं असतं. नखाएवढ्या या पाट्या गार्डसाहेबांनी औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापल्यात. एकदा एक पाटी गळून पडली तर त्यांनी गाडी स्टेशनात घेतली नाही, आम्ही चौघं भिंग घेऊन लाइन तपासत बसलो. पाहुणे हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

रुळांच्या सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायला त्यांनीच शिकवलं. उन्हाळ्यात रूळ वाढतो त्याला जागा पाहिजे, मोठ्या रेल्वेतही आणि छोट्यातही. त्यांची फी म्हणून मी गोळ्यांवर सवलत देतो. ते ती घेत नाहीत, पूर्ण पैसे ठेवून जातात. तोही आकडा लागत नाही.

लातूरचे चित्रकलेचे सर हे वेगळंच प्रकरण. त्यांच्या माडीवर बार्शी लाइट रेल्वे आहे, आपली जुनी छोटी लाइन. १८९७ ला कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली, १९२७ ला पलीकडं मिरजेला टेकली. १९५४ ला सरकारनं घेतली. गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागा: पावणेनऊच्या जवळ येतं. आणि एन नावाच्या आणखी लहान मापाचे रूळ असतात ९ मिलिमीटरचे. म्हणजे जी लाइन कधीच उखडली गेली तिला बाजारातला रूळ बेतून केल्यासारखा बसतो, आणि जिच्यावरून आपण रोज जातो तिला बसत नाही. सर हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्यानंतर एव्हरार्ड कॅलथ्रॉपचं सांगतात, ज्या इंग्रज इंजिनिअरनं ही लाइन बांधली आणि पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट काढलं. एवढं ऐकल्याशिवाय चहा येत नाही.

सरांचं येणंजाणं माझ्या जमिनीत मिसळलंय. ही काळी माती बघा, खरी आहे, त्यांच्या शेतातली. परदेशी पुस्तकं सांगतात की रंगीत भुसा वापरा. सर म्हणाले, "काळी जमीन रंगवायची कशाला, आणायची." वस्त्रगाळ केली, चुंबक फिरवला, कारण आपल्या मातीत लोहाचे कण असतात आणि ते मोटरमध्ये शिरले की मोटर गेली. मग पातळ फेव्हिकॉल शिंपडला. वाळताना मातीला भेगा पडल्या. मी बुजवायला निघालो, सरांनी हात धरला. आता येणारा प्रत्येक शेतकरी आधी त्या भेगांवर बोट ठेवतो. झाडं तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची आहेत, बाभळी समजा. मातीच्या बदल्यात सर दरवर्षी वेळ अमावस्येच्या सणाला आम्हा सगळ्यांना शेतात बोलावतात आणि भज्जी, आंबील खाऊ घालतात. देणं कुणाचं आणि घेणं कुणाचं, तुम्हीच सांगा.

आणि आता ही टाक्यांची गाडी, जिच्यामुळं तुम्ही थांबून विचारलंत.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हतं. पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत गाडी आली, दहा वाघिणींतून, म्हणजे टाकीच्या डब्यांतून, पाच लाख लिटर पाणी घेऊन. नंतर पन्नास वाघिणींची यायला लागली. आली ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत, म्हणजे बहुतेक त्या जुन्या छोट्या लाइनच्याच वाटेनं, फक्त आता ब्रॉडगेज होती. ही गाडी करायची कल्पना वाळूजच्या एका कंपनीत डिझाइनला असलेल्या आमच्या इंजिनिअरची. वयानं तो आमच्यात सगळ्यात लहान, मला काका म्हणतो, इंजिनाचं कवच त्याच्याच थ्रीडी प्रिंटरवर निघालंय. तो म्हणाला, "काका, सगळे राजधानी करतात. आपली गाडी ही आहे."

सर म्हणाले, "नको."

असं तोडून ते कधी बोलत नाहीत. त्या उन्हाळ्यात ते शाळा सुटल्यावर घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेले. आई आजारी, घरात सहा माणसं. "ती शोभेची वस्तू आहे का?" इंजिनिअरनं वाद घातला, गार्डसाहेब गोटी हातात फिरवत गप्प बसले. मिस्त्री म्हणाले, लग्नाची गाडी आठवतो तशी तीही आठवावी. सर चहा न घेता उठले. दोन-तीन रविवार आले नाहीत. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं आणि मला तेव्हा कुणाची बाजू घेता आली नाही, अजूनही येत नाही.

आम्ही टाक्या केल्याच. ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप डोळ्याला बरोबर वाटला. तुकडे मिस्त्रींनी कापले, दोन्ही टोकांच्या फुगीर टोप्या इंजिनिअरनं छापल्या, शिड्या मी तारेच्या डाखल्या, जोडण्या गार्डसाहेबांनी तपासल्या. प्रत्येक टाकी वीतभरसुद्धा नाही. दहा झाल्या आणि काम अडलं, कारण अंगावरचे बारीक आकडे आमच्यापैकी एकालाही नीट लिहिता येईनात. ज्याला येतात तो लातूरला रुसून बसलेला.

मी एकटाच टाक्या पिशवीत घालून गेलो. सरांनी काही न बोलता पिशवी ठेवून घेतली. पुढच्या महिन्यात दहाही टाक्या घेऊन परभणीला स्वतः आले. आकडे असे की भिंगातून बघितले तरी ब्रश थरथरलेला दिसत नाही. म्हणाले, "अक्षर माझं आहे. पण गाडी माझ्याकडं चालवायची नाही." ते ठरलं. त्यामुळं ही गाडी महिनाभर माझ्याकडं, महिनाभर वाळूजला, आणि कधी सेलूला मिस्त्रींच्या कारखान्यात भुशात ठेवलेली असते. लातूरला जात नाही. या महिन्यात इथं आहे म्हणून तुम्हाला दिसली. तिची किंमत मला सांगता येत नाही, कारण ती माझी नाही.

शेवटी आमचे जालन्याचे शेठ. लोखंडाचा व्यापार, गाड्यांतलं त्यांना फारसं कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात, पण रविवार चुकवत नाहीत. आमचं हे सगळं फुकटचं देणंघेणं बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्यांनी लाल बासनातली वही सुरू केली. पहिली दोन पानं छान आहेत: जमा, नावे, तारीख, रक्कम. तिसऱ्या पानापासून रकमेच्या रकान्यात 'बघू', 'सर म्हणाले राहू द्या', 'हुरड्याला फिटलं' असं यायला लागलं. एका ठिकाणी 'गार्डसाहेबांशी बोलायची हिंमत झाली नाही' एवढंच आहे. शेठ अजून लिहितात. दिवाळीला वहीची पूजा होते, पेढे शेठ आणतात आणि पेढ्यांची नोंद कुणाच्या नावे टाकायची यावर वाद होतो.

माझ्याकडं आहे तेवढं बघून समाधान झालं नसेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथं एकदा लेकरांना घेऊन जा. तिथली सफाई आमच्यात नाही.

तर लिहून घ्या: इंजिनं, रूळ, सांधे, कंट्रोलर मिळून साठ हजार. प्लाय आणि वॉर्निशचे वेगळे, त्याची पावती सापडली की सांगतो. बाकीचं रविवारी शेठ वही घेऊन येतात तेव्हा त्यांनाच विचारा. आणि तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे म्हणालात ना? येताना ३२ चा पाइप चार-पाच फूट घेऊन या. पन्नास टाक्या केल्या तर गाडी सात मीटरची होईल आणि या खोलीत मावणार नाही, पण वीसपर्यंत जायला हरकत नाही असं गार्डसाहेबांचं म्हणणं आहे. पैसे मी द्यायला बघेन, तुम्ही नको म्हणाल, आणि शेठ तुमचं नाव लिहून घेतील. त्याला माझा इलाज नाही.