बॉल कुठलाही चालतो म्हणे!

आमच्या रविवारच्या गोल्फच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या खेळात, बॉलवरून वाद झाला नाही, असा रविवार विरळाच. कर्नलसाहेबांचं मत पक्कं. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, पण बोलण्यातला हुकूम तसाच आहे. "अगं, शंभराच्या आत स्कोअर येईना आणि बॉल कसला निवडतेस? बॉल कुठलाही चालतो. स्विंग बघ आधी." दुसऱ्या टोकाला आमच्यातला सर्वांत तरुण भिडू. तो टीव्हीवरचे खेळाडू मारतात तोच बॉल मारणार. डझनाचे पाच हजारांच्या पुढे मोजतो आणि त्यातले दोन-तीन दर राउंडला झाडीत सोडून येतो. मी या दोघांच्या मधली. हँडिकॅप सव्वीस (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण इतके जास्त लागतात, आणि गोल्फमध्ये फटके कमी तितकं बरं), बँकेतली नोकरी, चाळिशीनंतर हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरलेली. खारघरला सिडकोचं गोल्फ कोर्स आहे, क्लबाचं सभासदत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतं, म्हणून तर या नादाला लागले.

माझ्या बॅगेत तेव्हा बॉलचं संमेलन भरलेलं असायचं. बॅग उचलणाऱ्या कॅडींकडून घेतलेले जुने, कडेच्या उंच गवतात, रफमध्ये सापडलेले, कुठल्या तरी कंपनीच्या स्पर्धेत वाटलेले, त्यावर सिमेंटवाल्याचा शिक्का. पहिल्या होलला एक, तो हरवला की हाताला लागेल तो दुसरा. आणि ग्रीनजवळ, म्हणजे झेंडा असतो त्या बारीक कातरलेल्या हिरवळीपाशी, माझं गणित कधी जमायचं नाही. तोच वेज (जवळच्या फटक्याचा तिरक्या तोंडाचा क्लब), तोच स्विंग, पण एक चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, झेंड्यापाशी थांबायची, दुसरी पलीकडच्या उतारावर. कर्नलसाहेब म्हणायचे हात चुकतोय. असेलही. पण दर वेळी हातच कसा चुकतो, हे मला बघायचं होतं.

दुकानात गेले तर विक्रेत्याने न विचारता गुलाबी बॉलची पेटी पुढे केली. "मॅडम, लेडीज बॉल. सॉफ्ट आहे, स्लो स्विंगसाठी." गुलाबी रंगावर माझा राग नाही, गवतात दिसतो बिचारा. पण 'स्विंग सावकाश म्हणून बॉल मऊ' हे सूत्र इतक्या वेळा ऐकलंय की ते कुणी तपासून पाहिलंय का, हा प्रश्न पडला. म्हणून वाचायला बसले.

नियमात बॉलला दोन मुख्य मापं आहेत. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. त्या आत कारखान्याने काय भरायचं ते भरावं. स्वस्त बॉल बहुधा दोन थरांचा असतो: आत रबराचा मोठा गाभा, बाहेर आयनोमर नावाच्या प्लॅस्टिकचं कडक कवच. सर्लिन म्हणतात ते हेच. टिकाऊ असतं, बंकरच्या वाळूने किंवा डांबरी वाटेवर आपटूनही फारसं ओरखडत नाही. महागड्या बॉलचं कवच युरेथेनचं, पातळ आणि मऊ, आणि त्याच्या खाली एक किंवा जास्त कडक थर. २००० साली टायटलिस्टचा प्रो व्ही १ आला आणि व्यावसायिक खेळाडूंनी रबरी दोरा गुंडाळलेले जुने बॉल बघता बघता सोडून दिले. आज टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत, जे काही खेळलं जातं, ते सगळं याच घराण्यातलं.

मऊपणाची गोष्ट वेगळी. बॉल दाबला की किती दबतो, त्या मापाला कम्प्रेशन म्हणतात. कमी आकडा म्हणजे मऊ. विक्रेत्याचं म्हणणं असं की सावकाश स्विंगवालीला कडक बॉल दाबताच येत नाही, म्हणून तो लांब जात नाही. ऐकायला पटतं. पण ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचा, फटका बसला की कुठलाही बॉल दबतोच, माझ्यासारखीचा फटका असला तरी. मऊ बॉल क्लबवरून उलट किंचित कमी वेगाने सुटतो. त्याची स्पिनही (गिरकी) कमी असते, म्हणून कुणाला त्याने सरळ गेल्यासारखं वाटतं. पण ज्यांचा वेगच कमी, त्यांचा बॉल हवेत टिकायला स्पिन लागते. ती कमी करून माझं भलं कसं होणार, ते मला त्या पेटीवर कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

वाचून झालं. आता हातात घेऊन बघायचं. तीन प्रकार निवडले: दोन थरांचा स्वस्त मऊ बॉल, मधल्या किमतीचा तीन थरांचा युरेथेनवाला, आणि आमच्या तरुण भिडूचा पाच हजारी. त्याने दिलेही, पण मोजून दिले आणि मोजून परत मागितले.

आधी सिम्युलेटरवर गेले, कारण सगळ्यांना उत्सुकता ड्रायव्हरचीच असते. तिथल्या मुलाने पडद्यावर आकडे दाखवले. माझ्या क्लबचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. बॉल हवेतून जातो दीडशे यार्ड, चांगला लागला तर. तिन्ही बॉलच्या सरासरीत फरक चार-पाच यार्डांचा आला, आणि स्वस्त मऊ बॉल त्यात सगळ्यात मागे होता. मी खूश झाले, पण त्या मुलाने एकाच बॉलचे माझे फटके पडद्यावर पसरून दाखवले. "मॅम, हे बघा." सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड फटक्यात तीस यार्डांचं अंतर. बॉल तोच, बाई तीच. एवढ्या पसाऱ्यात त्या चार-पाच यार्डांना काय किंमत? कर्नलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते "मग?" एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

तिथे थांबले असते तर वाद त्यांनीच जिंकला असता. पण माझे स्ट्रोक टीवर, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, वाया जात नाहीत, ग्रीनभोवती जातात. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, होलला दोन फटक्यांत ग्रीनवर पोचणं मला क्वचितच जमतं. म्हणजे अठरापैकी दहा-बारा होलना चिप ठरलेली. टूरवरच्या खेळाडूला एका राउंडमध्ये जितक्या चिप माराव्या लागत असतील, त्याच्या जवळपास दुप्पट मला लागतात. तेव्हा ग्रीनजवळ बॉल कसा वागतो याची गरज त्याच्यापेक्षा मलाच जास्त नाही का? हा मुद्दा मला कुणी सांगितला नव्हता. तो सुचला तसा मी सरावाच्या ग्रीनवरच मुक्काम ठोकला.

आमचा कॅडी साताऱ्याकडचा, कामाला चोख. त्याला सांगितलं की बॉलवरची नावं काळ्या मार्करने बुजव आणि मला न सांगता एकेक समोर ठेव. बंकरच्या कडेवरून, तीस यार्डांवरून, छप्पन अंशांच्या सँड वेजने मारायला लागले. एप्रिलचा महिना, ग्रीन वाळून टणक झालेलं. स्वस्त बॉल पडायचा आणि पत्र्यावर टाकलेल्या वाटाण्यासारखा घरंगळत सुटायचा, नऊ-दहा पावलं सहज. युरेथेनवाले दोन्ही एक टप्पा, दुसरा टप्पा, मग लगाम खेचल्यागत तीन-चार पावलांत थांबायचे. दोघांत फरक असेल तर तो मला तरी दिसला नाही. नाव न पाहता कॅडीनेही दोन ढीग केले, तीन नाही.

याचं कारण कळलं तेव्हा बरं वाटलं. चिपमध्ये फटका इतका हलका असतो की बॉलचा गाभा फारसा कामालाच येत नाही, काम करतं ते कवच. युरेथेनचं मऊ कवच वेजच्या खाचा आणि त्याखालचा कडक थर यांच्यात चिमटीत सापडतं, म्हणून पकड बसते. आयनोमर नुसतं घसरून वर चढतं. ड्रायव्हरला अख्खा बॉल चेपला जातो, तिथे कवचाचा वाटा थोडा. एवढं डोक्यात बसलं की दुकानातली निम्मी जाहिरात वाचायची गरज उरत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. आठ नंबरच्या आयर्न क्लबने जमिनीलगत ढकललेल्या चिपला तिन्ही बॉल जवळपास सारखेच गेले. बॉलच्या पोटात क्लबची धार बसली, म्हणजे आमच्या भाषेत थिन झाला, की पाच हजारी काय नि पाचशेवाला काय, दोघंही पलीकडच्या झाडीत. आणि गवत ओलं असलं की युरेथेनचीही ऐट उतरते. पावसाळ्यात ग्रीन इतकं मऊ होतं की काहीही मारा, पडेल तिथे रुततं.

पटिंगला, म्हणजे ग्रीनवर बॉल भोकाकडे ढकलताना, वेगळीच गंमत झाली. मला ठाम वाटत होतं की मऊ बॉल पटरवर 'छान लागतो'. कॅडी म्हणाला, "मॅडम, तुम्हाला लागत नाही, ऐकू येतं." त्याला आवाजावरून बॉलचा प्रकार ओळखता येतो, चार ढांगांवर उभा राहूनसुद्धा. मग मी कानात कापूस घातला. आजूबाजूच्या मंडळींनी काय विचार केला असेल तो करो, पण कापूस घातल्यावर मऊ कुठला आणि कडक कुठला हे मला सांगता आलं नाही. हातात येतंय असं वाटत होतं, ते सगळं कानातून येत होतं. तरी मला तो टक्क असा आवाज आवडत नाही, आणि न आवडणाऱ्या आवाजाने तीन फुटांचा पट मारायला मी तयार नाही. तेव्हा कान हेही कारण धरा.

एक उद्योग घरीही केला. कॅडींकडच्या जुन्या बॉलमध्ये पाण्यातून काढलेले आणि वरून रंग फासून नवे केलेले असतात. त्यांचा तोल ढळलेला असेल का, असा संशय होता. लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवलं की गोल्फचा बॉल तरंगतो. तरंगताना जड बाजू खाली जाते. वर आलेल्या जागी खूण करायची, बॉल गोल फिरवून सोडायचा, आणि पुन्हा तीच खूण वर येते का ते बघायचं. नव्या बॉलमध्ये हे क्वचित झालं. रंगवलेल्यांत दोन-तीन तर हट्टाने तीच बाजू वर आणत होते. नवऱ्याने पातेल्यात डोकावून विचारलं, "रस्सा कधी करणार?" माझ्या पातळीवर या तोलाने स्कोअर किती बिघडतो, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण रंगवलेले बॉल घेणं त्या दिवसापासून बंद. न रंगवलेले, नुसते धुतलेले जुने बॉल मात्र खुशाल घ्यावेत.

कर्नलसाहेबांना हे सगळं सविस्तर ऐकवलं. ते उठून आपल्या बॅगेतून एक पिवळट बॉल घेऊन आले. नेहमीच्या बॉलशेजारी ठेवला तर किंचित लहान. पूर्वी ब्रिटिश नियमांनी १.६२ इंचांचा छोटा बॉल चालायचा, अमेरिकेत १.६८ चा. १९९० पासून सगळीकडे मोठाच सक्तीचा झाला. "वाऱ्यात हा छोटा भाल्यासारखा जायचा. तो काढून घेतला तेव्हा आम्ही किती बोंबललो होतो," म्हणाले. म्हणजे बॉल कुठलाही चालतो म्हणणारा माणूस तीस-पस्तीस वर्षं एक बॉल उराशी धरून बसलाय! मी हे बोलून दाखवलं नाही. पुढच्या वेळी ते माझे दोन युरेथेनवाले बॉल घेऊन चिपिंगला गेले, तेही मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शेवटी मी मधल्या किमतीचा घेतला. स्रिक्सनचा क्यू-स्टार टूर, तीन थरांचा, युरेथेनचा. याच जातीचे दुसऱ्या कंपन्यांचेही आहेत, माझा नावाचा आग्रह नाही. आग्रह आहे तो एकच बॉल धरून राहण्याचा. खरा फायदा मला त्यातूनच झाला. आधी ग्रीनजवळ बॉल किती पळेल याचा अंदाज बांधायला डोक्याला आधारच नव्हता, कारण दर होलला बॉल वेगळा. आता चिप लांब गेली तर मीच लांब मारली, हे कळतं. स्कोअर किती सुधारला, असं विचारतात. ग्रीनवर तीन-तीन वेळा पटर मारावा लागायचा, अशी होल कमी झाली, कारण चिप जवळ थांबते. ड्राइव्ह होता तिथेच आहे, आणि स्लाइसवर, म्हणजे बॉल हवेत बाजूला वळतो त्यावर, तर कुठल्याच बॉलचं औषध नाही.

पाणी ओलांडायचं होल आलं की लोक खिशातून जुना बॉल काढतात. मी ते सोडलं. फटक्याआधीच बॉल बुडणार असं धरून उभं राहिलं की हात आखडतो. परवडत नसेल इतका महाग बॉल मुळात घेऊच नये. पावसाळा याला अपवाद. तेव्हा स्पिनचा उपयोग नाही, बॉल दिसणं महत्त्वाचं. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि उंच गवतात पांढरा बॉल तीन मिनिटांत सापडणं दैवाच्या हवाली. म्हणून जून ते सप्टेंबर स्वस्त पिवळे. ते दुकानदाराचे गुलाबीही चालतील.

आमच्या तरुण भिडूला हल्ली नवी चिंता लागली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांनी, बॉल कमी लांब जावा म्हणून, त्याची चाचणी कडक करायचं जाहीर केलं. हौशी खेळाडूंसाठी तारीख सांगितली २०३०. त्यांच्याच अंदाजाने आपल्यासारख्यांचं नुकसान फार तर पाच यार्डांचं. तो आत्तापासून पेट्या साठवायच्या म्हणतो. मी त्याला सिम्युलेटरवरचा तीस यार्डांचा पसारा दाखवला, पण तो म्हणतो तो पसारा माझा आहे, त्याचा नाही.

माझ्या बॉलवर मी हिरव्या मार्करने दोन ठिपके करते, आपला बॉल ओळखू यावा म्हणून खूण करावी असं नियमही सांगतो. परवा कॅडीने जुन्या बॉलची पिशवी पुढे केली. त्यात दोन हिरव्या ठिपक्यांचे चार निघाले. "हे तर माझेच," मी म्हटलं. "हो ना मॅडम, म्हणून तर तुम्हाला निम्म्या भावात," तो म्हणाला. चारही घेतले.