तुम्ही विचारलंत म्हणून: तो जुना सूट अजून बसतो का?

माळ्यावरच्या ट्रंकेत माझा नौदलातल्या पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाचा वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख, आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "अजून बसतो का हो?" नाही बसत. मांडीवर अडतो. सूट आटला असं मी सांगतो, आणि विचारणारा माझ्या पोटाकडे बघतो.

पण तो तेव्हाही बसत नव्हता, ते मात्र कोणी विचारत नाही.

सूट काही माप घेऊन मिळाले नव्हते. आधीच्या बॅचेसनी वापरलेल्या, गुडघ्यांना ठिगळं लावलेल्या सुटांचा ढीग समोर टाकला आणि निवडा म्हणाले. आतून अस्तर नसलेलं निओप्रीन, म्हणजे सुटाचं फेसाळ रबर, अंगाला चिकटून बसायचं. टाल्कम पावडर फासायची, मग इंचाइंचाने वर सरकवायचं. घाईत नख लागलं की फाटलंच. सगळे घामाघूम होऊन कुथत होते. मी शहाणपणा केला आणि एक ऐसपैस सूट उचलला. दोन मिनिटांत तयार! इन्स्ट्रक्टरनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. एरवी ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

वेटसूटमध्ये पाणी शिरतंच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी डायव्हर कोरडाच राहिला पाहिजे हा हट्ट सोडला, आणि तिथून हा सूट जन्माला आला. ऊब टिकते ती निओप्रीनमध्ये कोंडलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे. आत आलेलं थोडं पाणी अंगाने तापतं; ते तिथेच राहिलं म्हणजे झालं.

माझ्या सुटात ते राहत नव्हतं. कमरेच्या वर, पाठीच्या खोलगट भागात तळहात जाईल एवढी फट होती. फिन (पायातलं रबरी वल्हं) मारला की गार पाणी मानेतून शिरून मणक्यावरून खाली उतरायचं, आणि जरा कुठे तापतंय तोवर पुढच्या फिनला बाहेर. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि मी ते अखंड बदलत होतो.

त्या दिवशी मास्क आतून काळे केले होते. तळाशी दोरी धरून, चाचपत पुढे जायचं आणि हाताला लागेल त्या वस्तूला बोलाइन गाठ मारायची. किनाऱ्यावर झोपेतही बांधता येणारी गाठ. खाली बोटं माझी राहिलीच नव्हती. वरच्या माणसाच्या हातातल्या, मला बांधलेल्या लाइनवर एक ओढ आली: ठीक आहेस ना? मी एक ओढ देऊन ठीक असल्याचं कळवलं. इतकं धडधडीत खोटं मी त्यानंतर क्वचितच बोललो असेन.

शिवाय खोलवर निओप्रीनमधले बुडबुडे दबतात. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे सूट पातळ होतो, ऊब कमी होते, आणि बुडण्यासाठी वर घट्ट आवळलेला शिशाचा पट्टा खाली कमरेवरून घसरायला लागतो. आधीच सैल सूट असलेल्या माणसाचे हाल विचारू नका.

(आत लघवी करायचात का, हाही प्रश्न येतो. करायचो. माझ्या सुटात त्याची ऊबसुद्धा पुढच्या फिनपर्यंतच.)

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने घट्ट सूट मागून घेतला. बडीने, म्हणजे डायव्हिंगमधल्या जोडीदाराने, गुडघा टेकवून सुटाचं वरचं जाकीट ओढलं, त्याचं मागे लोंबणारं पट्टीसारखं शेपूट पायांमधून पुढे घेऊन पितळी बटनांत अडकवलं. हात वर करताना खांदे भरून यायचे, पण पाठ गरम राहिली. घट्टपणाला एकच अपवाद, गळा. तिथे धमन्यांवर दाब आला तर नाडी मंदावून माणूस भोवंडतो. आमच्यातला एक जण असाच पाण्यात उतरायच्या आधीच पायरीवर मटकन बसला. तो सहन करत होता, आणि आम्हाला वाटत होतं की गडी चिवट आहे.

जुने सूट मोडीत निघाले तेव्हा मी एक मागून आणला. ट्रंकेत आहे तो घट्ट नव्हे, तो ऐसपैसच. परवा पुन्हा चढवून पाहिला. घडीवर कडक झालेलं रबर चरचरलं, मांडीवर येऊन थांबलं. पाठीशी फट शोधायची वेळच आली नाही.