टीके, नोंद सातवी: डावीकडचे उलटे आटे

मागच्या नोंदीत मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत आमच्या जुन्या लॉरीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकचं काम उरकतो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, नाताळ झाला आणि संक्रांतीच्या आठवड्यात एक चाक उतरलं. एकच. तेही कसं, ते खाली येईलच. पण इंजिन चालू झालंय, त्यामुळे तोंड दाखवायला जागा आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी १९७२ ची बेडफर्ड टीके, साडेसात टनी, तिन्ही बाजूंनी फाळके पडणारा लाकडी हौदा. इंजिन ३३० घनइंची डिझेल, म्हणजे साधारण ५.४ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत. अकरा वर्षं एका शेतावरच्या गोठ्यात उभी होती, आता इंग्लंडातल्या डन्स्टेबलच्या उत्तरेला आमच्या भाड्याच्या शेडमध्ये आहे. ज्या कारखान्यात ती बनली तो इथून काही मैलांवर होता. आता त्या जागी दुकानं आहेत. या कामातले माझे जोडीदार त्याच कारखान्यात असेंब्लीला होते, १९८६ मध्ये बेडफर्डने मोठे ट्रक बनवणं सोडलं तोपर्यंत. वय पंच्याहत्तर, गुडघे दोन्ही बदललेले. गाडीखाली मी जातो, ते स्टुलावर बसून चुका काढतात.

टीकेच का, हा प्रश्न अजून येतो. जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांच्या नादी लागलेला माणूस सहसा गार्डनर इंजिनवाल्या फोडनवर भाळतो, नाहीतर एईसीच्या आठचाकी मॅमथ मेजरवर, किंवा स्कॅमेलवर. त्या गाड्या देखण्या आहेतच. टीके मात्र १९६० च्या सुमारास आली आणि पंचवीस वर्षं निमूटपणे कोळसा, दूध, भाजी, घरसामान, घोडे, जे हौद्यात टाकाल ते वाहत राहिली. ‘बेडफर्ड जिकडेतिकडे दिसते’ अशा अर्थाची कंपनीची जाहिरातच होती. जी वस्तू जिकडेतिकडे दिसते ती कोणी जपून ठेवत नाही. शेवटी भंगारात गेल्या बहुतेक. मला ती आवडते त्याचं कारण मात्र भावनेचं नाही, तिची मांडणी आहे.

टीकेचं इंजिन ड्रायव्हरच्या पुढे नाही आणि मांडीखालीही नाही, सीटच्या मागे आहे. केबिनच्या दाराला लागून मागे, दोन्ही बाजूंना, वर उघडणारी पत्र्याची झडप. ती उचलली की जमिनीवर सरळ उभं राहून इंजिनात हात घालता येतो. बॉनेटवर चढायला नको, केबिन कलती करायला नको (आमच्या टीकेची केबिन कलत नाहीच). आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध इंजिनाचा डबा असायचा, त्यावर घोंगडी टाकून तिसरा माणूस बसायचा आणि घाटात त्याची शेकोटी व्हायची. इथे केबिनमध्ये मधे मोकळी जागा आहे, या दाराने चढून त्या दाराने उतरता येतं. दिवसातून चाळीस ठिकाणी थांबणाऱ्या ड्रायव्हरला याचं मोल विचारा.

या झडपांची खोड एकच. खालच्या कडेला चिखल साठतो आणि पत्रा आतून कुजतो. आमच्या डाव्या झडपेला अंगठा लावला तर अंगठा पलीकडे. तिथे नवा पत्रा कापून वेल्डिंग केलं, वर रेड ऑक्साईड मारून ठेवलंय. लांबी (पुट्टी) भरायचा मोह जोडीदारांनी होऊ दिला नाही. त्यांच्या मते लांबी म्हणजे गंजाला घातलेली गोधडी.

आता इंजिन. नोव्हेंबरचे चारही शनिवार त्यातच गेले. अकरा वर्षं बंद असलेल्या डिझेलला घाईने सेल मारायचा नसतो, हे मला इंजिनात काही मोडण्याआधी कळलं, हे नशीब. सहाही इंजेक्टर काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवलं. पहिला पाव फेरा जड गेला, तिथून पुढे मऊ. टाकी उतरवली तर तळाशी काकवीसारखा काळा गाळ. टाकी धुतली, फिल्टर नवे, रबरी नळ्या नव्या.

पुढे हवा काढायचं काम. डिझेल लाईनमध्ये हवा धरली की पंप नुसता फेस ढकलत राहतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसायचं, फेस थांबून निव्वळ डिझेल आलं की घट्ट करायचं. मग पंपावर तेच. मग इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल मारायचा. मी सेल मारतोय, जोडीदार झडपेतून बघतायत, आणि नळ्यांच्या तोंडाशी फेसही नाही, डिझेलही नाही. बॅटरी दमली, ती चार्जिंगला लावली, चहा झाला, पुन्हा तेच. पाऊण तासाने त्यांनी विचारलं, स्टॉपर, म्हणजे इंजिन बंद करायची मूठ, आत आहे ना? केबिनमधली मूठ आतच होती. पण पंपाकडची केबल गंजून बंदच्या जागीच अडकून बसली होती. केबल सोडवली, आणि तिसऱ्या सेलला इंजिन चारावर धडधडलं, मग पाच, मग सहाही. पांढऱ्या धुराने शेड इतकी भरली की आम्ही एकमेकांना आवाजावरून शोधत बाहेर आलो.

त्याच शनिवारी शेजारच्या शेडवाला त्याची कॉमर लॉरी घेऊन आला होता, ती टीएस-३ इंजिनवाली. तीन सिलिंडर, त्यांत समोरासमोर येणारे सहा पिस्टन, वर हेड म्हणून प्रकारच नाही, टू-स्ट्रोक डिझेल. या इंजिनाला इथे ‘नॉकर’ म्हणतात. तो आवाज शब्दांत पकडायचा प्रयत्न मी मागे एकदा केला होता आणि फजिती झाली होती, म्हणून आता करत नाही. एवढंच सांगतो की आमची टीके तिच्याशेजारी पिठाच्या गिरणीसारखी वाटली.

आता ते चाक.

पुढचं डावं. गाडी जॅकवर घेण्याआधी नट सैल करायचे, तेवढं मला येतं. दोन दिवस आधीपासून नटांवर गंज सोडवणारं तेल मारत होतो. पाना लावला, हलेना. पान्याला चार फुटी नळी चढवली, हलेना. जोडीदार त्या दिवशी दवाखान्यात. मी नळीच्या टोकावर चढून उभा राहिलो आणि दोनदा उडी मारली. ‘खाड’ असा आवाज आला आणि मी खाली. मला वाटलं नट सुटला. नट स्टडसकट, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या बोल्टसकट, हातात आला होता, स्टड मुळापासून तुटलेला.

संध्याकाळी संगमनेरला मामांना फोन लावला. मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, बत्तीस वर्षं.

“मामा, स्टड तुटला चाकाचा.”

“कुठलं चाक?”

“पुढचं, डावं.”

पलीकडे शांतता. मग हसू. “अरे, डावीकडचे आटे उलटे असतात ना रे! तू सोडत नव्हतास, आवळत होतास. हे आम्ही हेल्परला पहिल्याच दिवशी सांगायचो.”

दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने उरलेल्या स्टडांची तोंडं घासली. गंजाचा थर निघाला आणि प्रत्येकाच्या तोंडावर इंग्रजी ‘एल’ अक्षर ठोकलेलं दिसलं. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी ठोकून ठेवलेलं, मी न वाचलेलं. चाक पुढे जाताना नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून डाव्या बाजूला ही उलट्या आट्यांची रीत. आताच्या गाड्यांत दोन्हीकडे सरळ आटे, त्यामुळे माझ्या पिढीच्या हाताला ती सवयच नाही. त्याच नळीने, घड्याळाच्या दिशेने, बाकीचे नट एकेका झटक्यात सुटले. उडी मारावी लागली नाही.

मामांचा फोन मात्र तिथे संपला नाही. पहिली एसटी, १ जून १९४८ ची, पुणे–नगर, ती बेडफर्डच होती, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या. मग, “पण तू लेलँड का नाही घेतलीस?” हेही तिसऱ्यांदा. मामांचा जीव लेलँड कॉमेटवर. इंग्लंडात कॉमेट १९४७ ला आली, पुढे अशोक लेलँडने ती आपल्याकडे बनवली, आणि मामांच्या मते त्यानंतर कोणी गाडी बनवलीच नाही. बीव्हर, हिप्पो, ऑक्टोपस अशी नावं ठेवणाऱ्या लेलँडच्या प्राणिसंग्रहालयात मला अजून जागा परवडत नाही, असं सांगितलं.

ब्रेकचा ड्रम उतरला तोही हट्टानेच, आतल्या कडेला झिजून धार आली होती. इथे एक गोष्ट आपल्या गॅरेजमधून आलेल्यांनी मुद्दाम वाचावी. आपण ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवतो. या वयाच्या गाडीच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं असं धरूनच चालायचं. हवा अजिबात नाही. मास्क लावायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधायचं. आत ब्रेकचा एक सिलिंडर पुरता जाम, पिस्टन गरम करूनही हलला नाही. तसाच दुसरा एका ऑटोजंबलमध्ये मिळाला. ऑटोजंबल म्हणजे सुट्या भागांचा बाजार, पुण्याच्या जुन्या बाजारासारखाच, फक्त चिखल जास्त आणि घासाघीस कमी.

टायर बदलायचं काम घरी केलं नाही आणि करणारही नाही. तुकड्यांची लॉक रिंग असलेलं चाक आहे. रिंग उडाली की काय होतं हे हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा. ज्यांच्याकडे लोखंडी पिंजरा आहे त्यांच्याकडे चाक पाठवलं.

चाक न्यायला आलेला ल्यूटनचा टॅक्सीवाला मूळचा मीरपूरचा. (टॅक्सीत लॉरीचं चाक मावतं, फक्त डिकी बांधून घ्यावी लागते.) पुढच्या जाळीवरची अक्षरं वाचली आणि त्याने टीकेच्या दारावर थाप मारली. “ये तो हमारी गाडी है.” पाकिस्तानातल्या त्या मोर-वाघ रंगवलेल्या बेडफर्ड तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. त्याचे आजोबा तसलीच चालवायचे. आमची गाडी साध्या हिरव्या रंगात राहणार म्हटल्यावर त्याला मनापासून वाईट वाटलं. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

सध्याची स्थिती अशी. इंजिन थंडीतही दुसऱ्या सेलला उठतं. पुढचं डावं चाक नव्या स्टडसह जागेवर. गेल्या शनिवारी गाडी स्वतःच्या ताकदीवर शेडमधून वीस फूट बाहेर आली आणि वीस फूट मागे गेली. चालवली मीच, पण शेताच्या आवारातच. माझं लायसन्स साडेतीन टनांपर्यंतचं. जोडीदारांनी १९९७ च्या आधी कारची परीक्षा दिलेली असल्याने त्यांना साडेसात टनी चालते. मे महिन्यातल्या लंडन–ब्रायटन फेरीची स्वप्नं बघणाऱ्यांनी लिहून ठेवावं की या वर्षी नाही.

ब्रेकचं पेडल अजून दोनदा मारल्यावर धरतं. मागच्या ॲक्सलवरच्या एका जोडाशी ओल दिसते, बहुतेक तिथूनच हवा आत जातेय. पुढच्या शनिवारी मागचं डावं चाक. तिथे जोडचाक आहे, म्हणजे नट दुप्पट हट्टी. पान्याच्या दांड्याला पांढऱ्या रंगाने मोठा बाण काढून ठेवलाय.