पोरीला नेव्हीत धाडताना भीती नाही वाटली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला उभी असले, की कुणी ना कुणी विचारतंच.

वाटली ना. पण दर्याची भीती आम्हाला नवी नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं, तेव्हा आम्ही बायका किनाऱ्यावर होड्यांची वाट बघत होतो. आमच्या घरचे परत आले. या किनारपट्टीवर कितीतरी घरांतले आले नाहीत.

आमच्यात पुरुष दर्यावर, बायका काठावर. म्हावरं उतरलं की निवडणं, बोली, हिशेब, उधारी सगळं आमचं. पण मासेमारीला होडीवर सासूबाई गेल्या नाहीत, मी गेले नाही.

नौदलात अधिकारी म्हणून बायका 1992 पासून आहेत. नाविक म्हणून मुलींना दार उघडलं ते 2022 मध्ये, चार वर्षांसाठी अग्निवीर घेणाऱ्या अग्निपथ योजनेत. फॉर्म तिने स्वतःच भरला. भरल्यावर आम्हाला सांगितलं.

मुलींना 1.6 किलोमीटर 8 मिनिटांत धावायचं होतं, शिवाय 15 उठाबशा आणि 10 सिट-अप्स. धावायला आमच्याकडे मैदान म्हणजे पुळण, तीही ओहोटीलाच. भरतीला वर राहते ती भुसभुशीत रेती, पाय रुततो. ओहोटीची वेळ रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तिची धावायची वेळही सरकायची. आज पहाटे, तर आठवड्याने टळटळीत उन्हात. तिचे बाबा तिथी बघून आदल्या रात्री वेळ सांगायचे. उधाणाच्या दिवसांत पाणी लांब जायचं, ओल्या घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळायचा, भांगाला, म्हणजे पाणी थोडंच ओसरतं त्या दिवसांत, जेमतेम. बूट खाऱ्या पाण्याने कडक व्हायचे. रात्री गोड्या पाण्यात खळबळून मी ते चुलीच्या कडेला ठेवायची.

ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर 28 मार्च 2023 ला पहिल्या तुकडीचं संचलन झालं, सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात. चालीवरून ओळखायला गेले तर सगळ्यांची चाल एक. सलामीला मान वळली, हनुवटी दिसली, तेव्हा पोर सापडली. मग मात्र मला रडू आवरेना. तिचे बाबा वादळात होडी हाकणारे, तेही रडत होते.

लोक कौतुकाने म्हणतात, "पोरगी देशाला दिलीत." त्यांचा भाव चांगला असतो, पण मला ते पटत नाही. मी तिला दिली नाही, ती आपल्या पायांनी गेली. तिने वाळू तुडवली, परीक्षा दिली, नेमणुकीच्या कागदावर सही केली. मला अभिमान आहे तो याचाच. आमच्या घरातली दर्यावर कामाला जाणारी ती पहिली बाई, आणि आता तिच्या फोनची वाट तिचे बाबा बघतात. त्यांना वाट बघायची सवय नाही, सारखे दारात येरझाऱ्या घालतात.

दुसरा प्रश्न असतो चार वर्षांनंतरचा. शंभरातले पंचवीसपर्यंत कायम होतात, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी एकरकमी मिळतो. ती कायम व्हावी असं मला मनापासून वाटतं. नाही झाली तर काळजी वाटेलच, पण तेव्हाही ती कुणाला विचारून ठरवणार नाही.

तुमच्या मुलीला भरतीची तयारी करायची असेल तर पाठवा बंदरावर. ओहोटी कधी ते आम्ही सांगू.