गाडीने पाहिलेले नऊ उन्हाळे

वडीलधारी माणसे आपल्या अनुभवाचा दाखला देताना 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत' असे म्हणतात. चंद्रपुरात गाडीचे वय सांगायचे झाले तर मात्र उन्हाळेच मोजावेत, असे माझे मत आता पक्के झाले आहे. २०१६ च्या दसऱ्याला आम्ही चार मीटरच्या आतली, डिझेलवर चालणारी छोटी एसयूव्ही घेतली. ती आजवर जेमतेम ९४ हजार किलोमीटर धावली आहे, आणि एवढ्या डिझेल इंजिनाच्या दृष्टीने ते काही फार नव्हे. तरीही तिच्यात आजवर बदललेल्या वस्तूंची यादी पाहिली, तर झिजून गेलेल्या थोड्या आणि उष्णतेने वाळून, कडक होऊन, तडकून गेलेल्या जास्त आहेत. नोंदणीची पंधरा वर्षे २०३१ मध्ये संपतील. त्यानंतर फिटनेस तपासणी करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेण्याचा माझा विचार आहे. तेव्हा किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पंचांगाकडे पाहून देखभाल करायची, हा धडा मी जरा उशिरा शिकलो.

या छोट्या गाड्यांची एक अडचण त्यांच्या मापातच आहे. करसवलतीसाठी लांबी चार मीटरच्या आत ठेवायची आणि आतली जागाही कमी पडू द्यायची नाही, म्हणून काटछाट होते ती बॉनेटखालच्या जागेत. आडवे बसवलेले इंजिन, त्यात जास्त हवा दाबणारा टर्बो, बॅटरी आणि पुढच्या जाळीमागे एकाला एक चिकटून एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर व इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर, अशी सगळी मंडळी चाळीतल्या एका खोलीत राहावीत तशी तिथे राहतात. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्यामुळे एसीने बाहेर टाकलेली उष्णता रेडिएटरलाच सोसावी लागते. बाहेर ४५ अंश तापमान असताना आत येणारी हवाच मुळात गरम असते, आणि त्यात कंडेन्सर-रेडिएटरच्या जाळ्या धुळीने बुजलेल्या असल्या तर इंजिनाने थंड व्हायचे तरी कसे?

हे मला २०१९ च्या मे महिन्यात, नागपूरहून परतताना जाम या गावाच्या अलीकडे कळले. उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहने तुंबली होती आणि आम्ही वीसेक मिनिटे एसी चालू ठेवून जागच्या जागी उभे होतो. आधी एसीची हवा कोमट झाली, मग तापमानाचा काटा, जो तोवर कधी मधली रेघ ओलांडत नसे, हळूहळू वर सरकू लागला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण चालू केला. भर मे महिन्यात हीटर लावणे हा वेडेपणा वाटतो, पण इंजिनातली उष्णता तेवढीच केबिनमध्ये काढून घेता येते. घामाघूम झालो, पण काटा उतरला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिकने पुढचा बंपर उतरवला, तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत सावरीच्या म्हाताऱ्या, धूळ आणि मेलेले किडे यांचा चक्क नमदा तयार झालेला दिसला. आमच्या घरासमोर सावरीचे झाड आहे. एप्रिलमध्ये त्याच्या शेंगा तडकल्या की सारा रस्ता पांढरा होतो, हे मी दरवर्षी कौतुकाने पाहत आलो होतो.

मेकॅनिकने पुढचा प्रश्न विचारला तो कूलंटच्या, म्हणजे रेडिएटरमध्ये खेळणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत डोकावून. "भाऊ, गाडीले बोअरचं पाणी पाजलं का तुम्ही?" पाजले होते. आदल्या वर्षी पातळी थोडी खाली गेलेली दिसली म्हणून अंगणातल्या नळाचे पाणी मीच ओतले होते. आमच्याकडचे बोअरचे पाणी किती जड आहे, ते बादलीच्या कडेला धरलेल्या पांढऱ्या थरावरून कळते. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो. बर्फ न पडणाऱ्या गावात कूलंटचे काय काम, असे मला वाटायचे. वास्तविक कूलंटमधले ग्लायकॉल हे रसायन आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साध्या दाबालाही १०७ अंशांच्या आसपास उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरून ठेवलेल्या दाबाखाली हा आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. शिवाय धातू गंजू न देणारी रसायने त्यातच असतात, आणि ती कालांतराने संपतात. म्हणून पातळी बरोबर असली तरी पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला कूलंट पूर्ण बदलावे, रंग जुळतो म्हणून वेगळ्या जातीचे त्यात मिसळू नये, आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नये. ते झाकणही काही वर्षांनी बदलावे लागते; त्याची स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि उत्तम कूलंटही वाया जाते. इतक्या स्वस्त वस्तूची आठवण कुणी करून देत नाही.

तेव्हापासून दरवर्षी होळीच्या सुमारास आणि सावर उडून झाल्यावर पुन्हा एकदा, अशी दोनदा मी कंडेन्सर-रेडिएटरच्या जाळ्यांची सफाई करवून घेतो. वॉशिंग सेंटरवरची जोराची धार तिथे मारू देत नाही, कारण कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या वाकल्या की हवेची वाट कायमची बंद होते. साध्या नळीने, जमेल तितके मागच्या बाजूने पुढे, पाणी सोडले की पुरते. 'दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो' हा समजही सोडून द्यावा. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

बॅटरीने मला बरेच फसवले. पहिली तीनेक वर्षांनी गेली, पुढे दुसरीही गेली; दोन्ही वेळा जुलै-ऑगस्टमधल्या गार सकाळी. साहजिकच मी पावसाला दोष देत राहिलो. प्रत्यक्षात बॅटरी मेमध्येच खंगते: उष्णतेने आतले पाणी उडते, आतल्या शिशाच्या जाळ्या वेगाने गंजतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही झीज ढोबळमानाने दुप्पट होते. पुढे एखाद्या सकाळी स्टार्टर फिरवण्याइतका जोर उरला नाही, की ती मेल्याचे आपल्याला कळते इतकेच. आता साध्या मल्टिमीटरने महिन्यातून एकदा, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचे माप घेतो. १२.६ व्होल्ट दिसले की समाधान, १२.२ च्या खाली गेले की दुकान.

टायरच्या बाबतीत नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, हा हिशेब कमी चालणाऱ्या गाडीला लागू पडत नाही. बाजूवर चार अंक कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. समृद्धी महामार्गावरून शिर्डीला जायचे ठरले, तेव्हा मी आमचे टायर खाली वाकून पाहिले. नक्षी भरपूर होती, पण तिच्या खाचांत बारीक भेगा पडल्या होत्या. काँक्रीटचा तापलेला रस्ता, ताशी १२० किलोमीटरपर्यंतची मुभा आणि सहा वर्षांचे रबर, हे गणित मला जुळवायचे नव्हते, चारही बदलले. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. दुपारी धावून आल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून ती सोडून दिली, तर टायर उलट जास्त दबतो आणि जास्त तापतो.

रंगाविषयी फार लिहीत नाही. पत्र्याच्या शेडखाली हिरवी जाळी बांधली आहे आणि वीज केंद्राच्या राखेची धूळ कोरड्या फडक्याने पुसत नाही, एवढेच. या गाड्यांना रांगडा दिमाख देणारी चाकांभोवतीची काळी प्लास्टिकची पट्टी मात्र तीन-चार वर्षांतच राखाडी पडते. शेजारचे काका त्यांच्या गाडीला खोबरेल तेल लावतात. दोन दिवस ती पट्टी नवरदेवासारखी चकाकते आणि तिसऱ्या दिवशी कोळशाची सगळी धूळ अंगावर घेऊन बसते.

यंदाच्या वहीत, होळीच्या आधीच्या पानावर, दोन कामे लिहिली आहेत. वायपरची रबरे एवढ्यात बदलायची नाहीत. ती मेमध्ये पुन्हा वाळतील, म्हणून मृगाच्या तोंडावर. रेडिएटरचा वरचा पाइप मात्र आत्ताच. परवा बोटांनी दाबून पाहिला तेव्हा त्यातून बारीक करकर ऐकू आली.